आम्ही म्हणजे किती जण?

रेवा ढोलेचा अर्ज मिर्झा मॅडमनी दोनदा वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि कागद तिच्याकडे परत सरकवला.

"मराठी छान लिहितेस," त्या म्हणाल्या. "पण सूट मिळणार नाही."

डॉ. शाहीन मिर्झा अमरावतीच्या त्या महाविद्यालयात भाषाविज्ञान विभागाच्या प्रमुख होत्या. विभाग लहान, पण पदवी मोठी कडक. चार वर्षांत विद्यार्थ्याला ध्वनिविचार, शब्दरचना, वाक्यरचना, भाषांचा इतिहास, संख्याशास्त्र आणि संगणक असं सगळं पार करावं लागे. रेवानं ते सगळं प्रथम श्रेणीत पार केलं होतं. राहिली होती ती शेवटची अट. आपल्याला येणाऱ्या कोणत्याही भाषेशी नातं नसलेली एक नवी भाषा, ती बोलणाऱ्यांत राहून, यंत्राची मदत न घेता शिकायची. त्या भाषेचं व्याकरण लिहून दिलं की सुटका, असंही नव्हतं. शेवटी ती भाषा बोलणारा एखादा अनोळखी माणूस विद्यार्थ्याशी तासभर गप्पा मारी आणि मग तो म्हणेल तोच निकाल.

"मॅडम, आता कानमणी आहे," रेवा म्हणाली. "कोरकू काय, जपानी काय, कानात घातला की समजतं. मग सहा महिने कशासाठी घालवायचे? ज्यांनी कानमणी बनवला त्याच कंपनीत मला नोकरी लागलीय. ऑगस्टमध्ये रुजू व्हायचंय. त्यांना फक्त पदवी हवी आहे."

"मग पदवी घेऊन जा की."

"म्हणजे अट पूर्ण करून."

"पदवी म्हणजे तेच," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता आणि तेच जास्त कठीण होतं. "रेवा, 'आम्ही चहाला चाललो' आणि 'आपण चहाला चाललो' यात फरक काय?"

"'आपण'मध्ये समोरचा माणूस धरलेला असतो. 'आम्ही'मध्ये नसतो."

"इंग्रजीत?"

"दोन्हीला एकच शब्द."

"म्हणजे एक माणूस चहावाचून राहतो," मॅडम म्हणाल्या. "कानमणी कसा चालतो ते तू मला सांग."

रेवाला ते पाठ होतं. कानमणी एका भाषेतला शब्द उचलून त्याच्या जागी दुसऱ्या भाषेतला ठेवत नाही. ऐकलेल्या प्रत्येक वाक्याचं तो आकड्यांच्या एका अफाट अवकाशातल्या बिंदूत रूपांतर करतो. सारखा अर्थ असेल तर बिंदू जवळ पडतात, वेगळा असेल तर लांब. त्या बिंदूपासून मग हव्या त्या भाषेत, बोलणाऱ्याच्याच आवाजात, नवं वाक्य तयार होतं. जगातल्या शेकडो भाषांमधल्या मजकुरावरून हे अवकाश घडवलं आहे.

"कोणत्या भाषांमधल्या मजकुरावरून?"

"ज्यांच्यात भरपूर मजकूर आहे त्यांच्या."

"म्हणजे नकाशा मोठ्यांनी काढला. लहान भाषेला त्यातच कुठेतरी जागा करून घ्यावी लागते. मोठ्या भाषांना जो फरक दिसत नाही, तो करणारी दोन वाक्यं त्या नकाशावर जवळजवळ एकाच ठिकाणी येऊन पडतात. इस्त्री फिरवल्यासारखं होतं. बहुतेक वेळा काही बिघडत नाही. कापड छानच दिसतं." त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "मेळघाटात बोरढाणा म्हणून गाव आहे. सुगंती बेठेकर नावाची बाई तुला ठेवून घेईल. कानमणी इथे जमा कर."

रेवानं कानमणी काढून टेबलावर ठेवला आणि दार जरा जोरातच लावून ती बाहेर पडली.

बोरढाण्याला जाण्याआधी ती वरुडजवळच्या घरी गेली. वडिलांची, विलासरावांची, संत्र्याच्या कलमांची रोपवाटिका होती. ते वाफ्यात उकिडवे बसून रोपांच्या बुंध्याशी माती सारखी करत होते. तिला बघून ते उठले, हात झटकले आणि म्हणाले, "आली का बाई? काहून तोंड एवढुसं करून राहिली?"

रेवा जागीच थबकली. कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून कानमणी कायम तिच्या कानात असे आणि तो येणारी प्रत्येक मराठी आपोआप छापील करून ऐकवी. चार वर्षं तिचे बाबा तिच्याशी 'का गं, चेहरा का उतरलाय?' असंच बोलत आले होते. आवाज त्यांचाच असे, म्हणून तिला कधी चुकल्यासारखं वाटलं नव्हतं. आज त्यांची खरी बोली कानावर पडली.

"काही नाही बाबा," ती म्हणाली आणि मग तिनं शब्द बदलले. "काई नाई. मॅडमनं अर्ज नाकारला."

पोरगी कितीतरी दिवसांनी घरच्यासारखी बोलली होती, ते विलासरावांनाही जाणवलं. ते परत वाफ्यात बसले.

"मंग जाय तिकडं," ते म्हणाले. "कलम बांधलं अन् जीव धरायच्या आधीच सोडून देल्लं तं झाड बी जाते अन् लावलेल्या कोंबाचा डोळा बी जाते. नोकरी पाहू मंग. थे कुठी पळून राहिली?"

बोरढाणा हे सागाच्या रानात, एका उतारावर दोन रांगांत वसलेलं गाव. सुगंती तिशीची, हाडापेरानं काटक, बोलायला भराभर आणि हसायला त्याहून भराभर. नवरा वरुडकडच्या संत्राबागांमध्ये कामाला गेलेला. घरात सासू फुलाय आणि दोन मुलं. कोरकूचं मराठीशी, हिंदीशी काही नातं नाही. तिचे सोयरे पूर्वेकडच्या डोंगरांत, संथाळी-मुंडारीकडे. त्यामुळे रेवाला धरायला काठच नव्हता. पहिले कितीतरी दिवस ती नुसती 'हे काय, ते काय' विचारत फिरली. मुलं तिला मुद्दाम चुकीचे शब्द शिकवत आणि ती ते फुलायसमोर वापरी. म्हातारी पदर तोंडाशी धरून खोकल्याचं सोंग करी.

तिची खरी फजिती झाली बाजाराच्या दिवशी. सुगंती आणि ती बाजाराला निघाल्या होत्या. जाता जाता फुलायला सांगावं म्हणून रेवा कोरकूत म्हणाली, "आम्ही दोघी बाजाराला जातो." निदान तिला तसं म्हणायचं होतं. फुलाय घरात गेली. बऱ्याच वेळानं ती बाहेर आली ती ठेवणीतलं लुगडं नेसून, पिशवी काखोटीला मारून. येऊन दारातल्या भाड्याच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसली.

सुगंती जीपच्या दाराला धरून हसत सुटली. "तू तिला म्हणालीस, 'तू आणि मी, आपण दोघी'!"

मागे फिरा म्हणायची कुणाची छाती झाली नाही. फुलाय बाजारात गेली, तिनं हिरव्या बांगड्या भरून घेतल्या, शेव खाल्ली. सुगंतीला मात्र जीपच्या मागच्या दांडीला लटकून जावं लागलं.

परतताना सुगंतीनं रेवाला ते नीट समजावलं. कोरकूत 'आम्ही' एक नसतो. 'आले' म्हणजे आम्ही पुष्कळ जण, तू सोडून. 'आलिञ' म्हणजे आम्ही दोघंच, तू सोडून. ऐकणारा त्यात असला की दोन्ही शब्द बदलतात. आपण दोघं निराळं, आपण सगळे निराळं. बोलणारा तोंड उघडतो तेव्हाच माणसं मोजून झालेली असतात आणि कोण आत, कोण बाहेर, तेही ठरलेलं असतं.

"तुमच्यात हे मोजत नाहीत?" सुगंतीनं विचारलं.

"अर्धंच मोजतो."

"मग भांडणं किती होत असतील," सुगंती म्हणाली.

त्यानंतर भाषा हळूहळू रेवाच्या अंगाला लागू लागली. निंदणीला गेल्यावर बायकांच्या गप्पांतलं एखादं अख्खं वाक्य एकदम कळून जाई आणि ती हातातलं गवत तसंच धरून उभी राही. सुगंती तिला चुकू देई, पण चूक राहू देत नसे. दिवसभर शेतात राबून आल्यावर चुलीपुढे बसून ती तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावी, पुन्हा, पुन्हा, बरोबर येईपर्यंत. एवढी चिकाटी रेवानं कुठल्याच वर्गात पाहिली नव्हती. कंपनीचे निरोप येत, ती 'थोडी मुदत द्या' म्हणून उत्तर पाठवी.

पावसाळा अर्धा सरला असताना विभागात प्रगती सांगायला तिला अमरावतीला जावं लागलं. परतीच्या बसमध्ये असतानाच गावातल्या जीपवाल्याचा फोन आला. सुगंतीला उलट्या-जुलाब सुरू झाले होते, थांबतच नव्हते. तिला तालुक्याच्या रुग्णालयात पोचवून तो परत निघाला होता. रेवा तालुक्याला उतरली आणि तशीच धावत गेली.

डॉ. निनाद बोंडे तिला दारातच भेटले. तरुण डॉक्टर, मोर्शीचे, पापण्या जागरणानं सुजलेल्या.

"रानातली अळंबी खाल्लीय," ते म्हणाले. "आपल्याकडे सात्या म्हणतात ना, त्यांच्यासारखीच दिसणारी विषारी जात. यकृतावर जाते. औषध नागपूरहून ड्रोननं मागवलंय, येईलच. वेळेत आलीय ती, मला आशा आहे."

"आणखी कुणी खाल्लं का?"

"तेच आधी विचारलं. 'आम्ही खाल्लं' म्हणाली. म्हणून लगेच गाडी पाठवून घरातल्या सगळ्यांना आणलं. सासू, दोन मुलं. पलीकडच्या खोलीत आहेत. त्यांचं रक्त तपासलं, ठीक आहे. खाल्लंच नाही म्हणतात, पण मी त्यांना लक्ष ठेवायला ठेवून घेतलंय."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. माणूस नेटका होता. रेवा हात धुऊन आत गेली.

सुगंती पलंगावर वाळल्या पानासारखी पडली होती. भिंतीवर रुग्णालयाचा दुभाषी संच होता, कानमणीचाच मोठा भाऊ. सुगंतीचे ओठ हलत, काही अर्धवट पुटपुट बाहेर पडे आणि क्षणभरानं भिंतीतून तिच्याच आवाजात शुद्ध मराठी येई, "आम्ही खाल्लं. आम्ही शेतातल्या मचाणावर खाल्लं."

"हेच म्हणतेय सकाळपासून," नर्स म्हणाली. "हो गं बाई, कळलं आम्हाला. सगळ्यांना तपासलंय. तू शांत राहा."

पण सुगंती शांत होत नव्हती. ती मान हलवून तेच पुन्हा म्हणाली. रेवा खाली वाकली. कानात काही नव्हतं, मधे काही नव्हतं. तिला शब्द स्पष्ट ऐकू आला. शेवट नाकात विरणारा, लहानसा. आलिञ.

'आले' नव्हे. आलिञ.

रेवा सरळ उभी राहिली. ती डॉक्टरांकडे वळली. "डॉक्टर, ती 'आम्ही' म्हणत नाहीये. 'आम्ही दोघं' म्हणतेय. दोघंच. सासूनं आणि मुलांनी तर खाल्लंच नाही. आणखी एक माणूस आहे, आणि तो इथे नाही."

डॉक्टरांनी भिंतीकडे पाहिलं. "संचावर तर 'आम्ही' येतंय. आणि हा संच प्रमाणित आहे, ताई."

"तो चुकत नाहीये, मोजत नाहीये. त्याला दोन काय आणि दहा काय, सारखंच. डॉक्टर, आपल्या मराठीत कुणी 'आपण' म्हटलं आणि तुम्हाला 'आम्ही' ऐकू आलं, तर तुम्ही घरीच बसून राहाल ना? तसंच झालंय हे."

डॉक्टर बोंडे पलंगापासून बाजूला सरकले. मग हलक्या आवाजात म्हणाले, "विचारा तिला."

रेवानं सुगंतीचा हात हातात घेतला आणि कोरकूत विचारलं, "तुम्ही दोघं कोण? तू आणि कोण?"

सुगंतीचे डोळे किंचित उघडले. तिच्या चेहऱ्यावर अपार थकवा होता आणि त्याहून अधिक आश्चर्य. "मी सांगितलं होतं," ती म्हणाली. "कितीदा सांगितलं. रामकली."

रामकली म्हणजे फुलायची लेक, सुगंतीची नणंद. डोंगरापलीकडच्या पाड्यात दिलेली. दोन दिवस माहेरी आली होती आणि आदल्या दिवशीच पायवाटेनं सासरी परतली होती. 'घरात आणखी कुणी आहे का' असं फुलायला विचारलं तेव्हा तिनं नाही म्हटलं, कारण लग्न झालेली लेक त्या घरातली धरत नाहीत. आणि अळंबीबद्दल म्हातारीला ठाऊकच नव्हतं.

पलीकडच्या पाड्यात फोन लागत नव्हता. डॉक्टरांनी रुग्णवाहिकेच्या चालकाला, गजाननला, बोलावलं. "हिला घेऊन जा. ती बाई बरी दिसली तरी आणा. बरी दिसली तर आधी आणा."

वाटेत गजाननकडून रेवाला त्याचा अर्थ कळला. अशी माणसं त्यानं आधीही नेली होती. या विषात मधे एक फसवी वेळ येते. उलट्या थांबतात, माणूस उठून बसतो, भाकरी मागतो. आत यकृत मात्र जळत असतं.

रामकली शेतात भेटली. गुडघाभर चिखलात धानाच्या रोपांत वाकलेली, डोक्यावर इरलं. पाहुण्यांची गाडी बघून हसली. हो, काल रात्री पोटात गडबड झाली होती खरी. आता बरं आहे. रुग्णालय कशाला?

गजाननानं खिशातून फोन काढून पुढे धरला. फोनमधून मंजूळ कोरकूत वाक्य आलं, "आपल्या प्रकृतीला धोका आहे, कृपया सोबत चला." रामकलीनं फोनकडे बघितलं, नाक उडवलं आणि परत वाकून रोप लावलं.

रेवा चिखलात उतरली. तिचे शब्द धडपडत येत होते, क्रियापदं मागे राहत होती. पण तिनं एक गोष्ट सांभाळली. ती 'तुम्ही' म्हणाली ते दोघींसाठीचं. "तुम्ही दोघींनी खाल्लं. मचाणावर. सुगंती पडून आहे. तोंडातून शब्द फुटत नाही, तरी ती एकच म्हणतेय. आम्ही दोघी, आम्ही दोघी. रामकली, ती तुलाच बोलावतेय."

रामकली हळूहळू ताठ उभी राहिली. पावसात पहिल्यांदाच उगवलेली अळंबी त्या दोघींना शेताच्या बांधावर मिळाली होती. घरी नेली असती तर म्हातारीला, पोरांना वाटावी लागली असती. म्हणून त्या दोघींनी मचाणावर जाळ करून भाजली आणि सगळी खाऊन टाकली. कुणाला सांगायचं नाही असं हसत ठरवलं होतं. 'दोघींनी' हे ठाऊक असणारं तिच्याखेरीज या जगात फक्त सुगंतीच होती.

"खरंच ती पडलीय?" तिनं विचारलं.

"खरंच."

रामकलीनं हातातली रोपं बांधावर ठेवली आणि गाडीकडे चालू लागली. घाटातल्या तिसऱ्या वळणावर तिला चक्कर आली. गजाननानं गाडी थांबवली नाही. रेवा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि येतील तेवढे सगळे कोरकू शब्द बोलत राहिली. नद्यांची नावं, झाडांची नावं, मुलांनी शिकवलेल्या शिव्यासुद्धा. रामकली एकदा डोळे मिटल्या मिटल्या हसली.

ड्रोननं आणलेलं औषध दोघींना पुरलं. रामकलीच्या रक्ताचा अहवाल बघून डॉक्टर बोंडे रेवाला म्हणाले, "उद्या आली असती तर मी काही करू शकलो नसतो." दोघींनाही नागपूरला हलवावं लागलं, बरेच दिवस ठेवावं लागलं. पण दोघी उठल्या. फुलायनं ते ऐकलं तेव्हा ती रुग्णालयाच्या व्हरांड्यात मटकन खाली बसली आणि तिनं रेवाची दोन्ही पावलं धरली. रेवाला ती सोडवता सोडवता रडू आलं.

डॉक्टर बोंड्यांनी घडलं ते सगळं कंपनीला लिहून कळवलं. कंपनीनं अंग झटकलं नाही. त्यांच्या लोकांनी रेवाशी फोनवर तासन् तास बोलून ते तपासलं. त्यानंतर ज्या भाषांत दोघांसाठी वेगळा शब्द आहे तिथे संच थांबून विचारू लागला, 'आम्ही म्हणजे किती जण?' असल्या गोष्टी आणखी कुठल्या भाषांत लपल्या असतील, याचा कंपनीला पत्ता नव्हता. ज्यांना असेल अशा माणसांची त्यांना गरज होती. त्यांनी रेवाची जागा राखून ठेवली आणि ताबडतोब यायला सांगितलं.

"परीक्षा झाल्यावर," रेवानं कळवलं.

विभागात सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं की आता परीक्षा म्हणजे नुसता उपचार. परीक्षक होते बाबूलाल मावसकर, निवृत्त वनरक्षक, चिखलदऱ्याकडचे. बोरढाण्यात काय घडलं ते त्यांनीही ऐकलं होतं. ते रेवाशी तासभर बोलले. पाऊस, वाघ, लग्नं, मरणं, सगळ्यावर. ती न अडखळता बोलली. मग मिर्झा मॅडम आत आल्या.

"काय मावसकर, झाली का पोरगी पास?"

मावसकरांनी मिशीवरून हात फिरवला. "पोरगी मोठी गुणाची आहे. तिनं जे केलं ते माझ्या लेकीनं केलं असतं तर मी गावजेवण घातलं असतं." ते थांबले. "पण पास नाही."

रेवानं मॅडमकडे पाहिलं.

"पाहुण्यासारखी बोलते," मावसकर म्हणाले. "शब्द बरोबर. पण सगळं गोड, सगळं हळू. गावानं तिला देव्हाऱ्यात बसवलंय ना. तिच्याशी सगळे जपून बोलतात, तर ती पण तसंच शिकली. आमची भाषा एवढी गुळमट नाही, मॅडम."

मिर्झा मॅडम रेवाकडे वळल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते रेवाला पहिल्यांदाच दिसलं. मॅडमनी लेखणी उचलली नाही. "निकाल त्यांचा," त्या म्हणाल्या. "तुझं काय म्हणणं आहे?"

सहा महिन्यांपूर्वी रेवा दार आपटून गेली असती. आता तिला आठवलं ते इतकंच, की दोघी नागपूरहून परतल्यापासून फुलायनं तिची एकही चूक काढली नव्हती. चुकीच्या वाक्यालाही म्हातारी नुसती मान डोलावी. सुगंती पूर्वीसारखी तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावत नसे.

"ते खरं सांगताहेत," ती म्हणाली. "मी परत जाते."

रात्री तिनं घरी फोन केला. निकाल सांगितला. मग विलासराव म्हणाले, "नापास केलं तुले? एवढं सारं करून?"

"हाव."

"मंग तं मोठी पक्की मास्तरीण हाये तुही," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात अभिमान होता. मास्तरणीचा की लेकीचा, ते त्यांनी सांगितलं नाही.

बोरढाण्यात रेवानं पहिल्याच दिवशी सुगंतीला सांगून टाकलं, "मला पाहुणी म्हणून वागवू नका, नाहीतर मला पदवी मिळायची नाही." सुगंतीनं तिच्या हातात शेणाची पाटी दिली. कापणी आली, मळणी आली. रेवा सगळ्यांबरोबर राबली, उन्हात काळवंडली. पण फुलाय काही हलायला तयार नव्हती. लेकीला परत आणणाऱ्या पोरीला ती वाकडा शब्द कसा बोलणार?

हिवाळ्यात मावसकर दुसऱ्या परीक्षेसाठी गावात आले. येणार म्हणून त्यांनी आगाऊ कळवलं नव्हतं. गावाच्या वेशीतच त्यांना आरडाओरडा ऐकू आला. बेठेकरांच्या अंगणात फुलाय कमरेवर हात ठेवून उभी होती. परड्याचं फाटक कुणीतरी उघडं टाकलं होतं आणि शेळ्यांनी वाळत घातलेले उडीद फस्त केले होते. म्हातारी रेवाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती, कुठेही श्वास न घेता. आणि रेवा? ती शेणानं भरलेले हात हवेत उडवत तितक्याच वेगानं तिला तोंड देत होती. फाटक आपण नाही, म्हातारीच्या लाडक्या नातवानं उघडं टाकलं. शेळ्याही म्हातारीनंच लाडावल्यात. आणि उडीद कुठे घालायचे ते काल आपण दोघींनी मिळून ठरवलं होतं, तेव्हा तू काय झोपली होतीस? सुगंती ओसरीवर भाकरी थापायची सोडून ओठ दाबून ऐकत होती.

मावसकर कुंपणाशी उभे राहून ते भांडण शेवटपर्यंत ऐकत राहिले. मधे बोलले नाहीत, आत आले नाहीत. मग जीपपाशी परत गेले आणि जिथे फोन लागतो त्या टेकाडावर थांबून त्यांनी अमरावतीला फोन लावला.

"मॅडम," ते म्हणाले, "पोरगी आमच्यात भांडली. देऊन टाका तिला डिग्री."